कुत्र्यांचा अंतर्गळ आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया



'डॉक्टर, आमच्या कुत्र्याला हर्निया झालाय म्हणतात. दुर्बिणीतून काढून टाकता येईल ना?' हा प्रश्न हल्ली मुंबई-पुण्याकडच्या पशुवैद्यांच्या कानी पुष्कळदा येतो. त्यात नवल नाही. आज घरोघरी कोणाचे पित्ताशय, कोणाचे अपेंडिक्स दुर्बिणीतून निघालेले असते. आजोबांच्या हर्नियालाही तीनच बारीक टाके पडलेले असतात. मग घरातल्या मुक्या प्राण्याला वीतभर चीर का द्यावी, असे मालकाला वाटले तर ते मायेपोटीच. परंतु या प्रश्नातला 'काढून टाकणे' हा शब्द आपण आधी बाजूला ठेवू. खडा काढतात, गाठ काढतात, किडलेला दात काढतात. हर्निया, ज्याला आपण मराठीत अंतर्गळ म्हणतो, तो काढावयाचा नसतो. ते एक भोक असते. भोक बुजवावे लागते, आणि त्यातून बाहेर आलेले त्याच्या जागी परत न्यावे लागते. एवढे ध्यानात ठेवले म्हणजे 'दुर्बिणीतून होईल का' या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक कुत्र्यागणिक निराळे का येते, हे समजावयास सोपे जाईल.

पोट म्हणजे एक भरलेली थैली समजा. तिच्या भिंती स्नायूंच्या थरांनी विणलेल्या आहेत. आत आतडी, यकृत, प्लीहा, मूत्राशय, मादीच्या पोटात गर्भाशय, आणि या सगळ्यांवर पसरलेली चरबीची पातळ जाळी. या भिंतीला काही ठिकाणी निसर्गानेच वाटा ठेवल्या आहेत. पिल्लू आईच्या पोटात असते तेव्हा बेंबीतून नाळ जाते. जांघेतून रक्तवाहिन्या जातात आणि नराची वृषणे त्याच वाटेने खाली उतरतात. छाती व पोट यांच्यामधल्या पडद्यातून अन्ननलिका येते. या वाटा प्रमाणापेक्षा रुंद राहिल्या, किंवा भिंत कुठे सैल पडली, अगर अपघातात फाटली, की आतले अवयव तिथून डोके बाहेर काढतात. आपल्याला दिसतो तो फक्त कातडीखालचा फुगवटा.

हा फुगवटा पुष्कळ वेळा दुखत नाही, आणि घोटाळा नेमका इथेच होतो. कुत्रे खाते-पिते आहे, शेपूट हलवते आहे, मग घाई कशाला, असे म्हणून महिने जातात. कुत्र्याला उताणे निजवून फुगवट्यावर हलक्या हाताने तळवा ठेवावा. तो मऊ असेल आणि आपोआप आत सरकत असेल, तर वेळ आहे. पण कालपर्यंत मऊ असलेला फुगवटा आज कठीण, गरम, दुखरा झाला, त्यावरची कातडी काळीनिळी दिसू लागली, कुत्रे ओकू लागले, तर आत गेलेल्या आतड्याला भोकाच्या कडेने फास बसला आहे असे समजावे. फास बसलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि ते काही तासांतच सडू लागते. अशा वेळी फुगवटा दाबून आत ढकलण्याचा खटाटोप करू नये, आणि दुर्बीण कुठे मिळते याची चौकशी करीत बसू नये. जवळात जवळ जो शस्त्रक्रिया करणारा पशुवैद्य असेल, त्याच्याकडे कुत्रे न्यावे. तो पोट उघडील, आणि ते बरोबरच असेल.

आता दुर्बिणीकडे वळू. माणसासाठी निघालेले तंत्र लाडाकोडाने कुत्र्यापर्यंत पोहोचले, असा आपला समज असतो. खरा क्रम उलटा आहे. १९०१ सालच्या सप्टेंबरात जर्मनीतल्या हँबुर्ग शहरी तिथल्या निसर्गशास्त्रज्ञांचा व वैद्यांचा मेळावा भरला होता. ड्रेस्डेनचे शल्यविशारद गेओर्ग केलिंग यांनी तिथे एका जिवंत कुत्र्याच्या पोटात गाळलेली हवा भरली, आणि माणसाचे मूत्राशय तपासण्यासाठी माक्स निट्झे यांनी तयार केलेली नळी आत सरकवून पोट न उघडता आतले अवयव पाहून दाखविले. केलिंग यांच्या मनात विचार होता तो पोटातल्या रक्तस्रावाचा. हवेच्या दाबाने तो थांबवता येईल का, हे त्यांना पाहावयाचे होते. तेव्हा बंद पोटात दुर्बीण घालून पाहण्याच्या या विद्येचा पहिला ज्ञात रोगी कुत्राच. माणसाची पाळी आली ती १९१० च्या सुमारास, स्टॉकहोमच्या याकोबेयुस यांच्या हातून. पुढे १९८० साली कील येथे कुर्ट झेम यांनी अपेंडिक्स आणि १९८५ साली एरिख म्यूहे यांनी पित्ताशय अशा रीतीने काढले. दोघेही जर्मन, आणि दोघांनाही आपल्याच व्यवसायबंधूंची टीका सोसावी लागली. १९९० साली अमेरिकेतल्या राल्फ गेर यांनी जांघेच्या अंतर्गळाचे तोंड पोटाच्या आतून बंद करण्याविषयी जे काम प्रसिद्ध केले, त्यातले प्रयोगही जन्मतःच अंतर्गळ असलेल्या कुत्र्यांवर केलेले होते. कुत्र्याने माणसासाठी एवढे केल्यावर, त्याच्या स्वतःच्या दुखण्यासाठी दुर्बीण सर्रास वापरात यावयास मात्र आणखी बराच काळ जावा लागला.

ही शस्त्रक्रिया चालते कशी? गुरे पाळणाऱ्या मंडळींना ट्रोकार हे हत्यार ठाऊक असेल. ओला लसूणघास खाऊन गाय फुगली की डॉक्टर डाव्या भकाळीत एक टोकदार सळई तिच्या नळीसकट खुपसतात, सळई काढून घेतात, आणि राहिलेल्या नळीतून फसफसत वायू बाहेर पडतो. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत हेच हत्यार, फक्त पेन्सिलीएवढ्या जाडीचे किंवा त्याहून बारीक, तीन, पाच किंवा दहा मिलिमीटरांचे. आणि काम उलटे. इथे वायू बाहेर सोडावयाचा नाही, आत भरावयाचा. पोटाच्या भिंती एरवी अवयवांना चिकटून असतात, मध्ये रिकामी जागा नसते. वायू भरला की भिंत तंबूसारखी वर उचलली जाते आणि खाली काम करावयास जागा मिळते. वायू वापरतात तो कार्बन डायऑक्साइड. तो पेट घेत नाही, म्हणून आत विजेच्या हत्याराने रक्तवाहिन्या डागता येतात. आणि तो रक्तात चटकन विरघळून श्वासावाटे निघून जातो. त्याचा दाब कुत्र्यात पाऱ्याच्या ८ ते १२ मिलिमीटरांच्या आसपास ठेवतात. हा दाब थोडा वाटतो. पण पोटातल्या मोठ्या नीला पातळ भिंतीच्या असतात. दाब वाढला की त्या दबतात, हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते, आणि वर ढकललेल्या पडद्यामुळे फुप्फुसेही पुरती फुगत नाहीत. म्हणून अशा शस्त्रक्रियेत भूल देणाऱ्याचे काम शस्त्रक्रिया करणाऱ्याइतकेच जोखमीचे असते. कुत्र्याच्या घशात नळी घालून यंत्राने श्वास द्यावा लागतो आणि प्रत्येक उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजत राहावे लागते. कुठे दुर्बिणीची शस्त्रक्रिया करवून घ्यावयाची असेल, तर कॅमेरा किती नवा आहे याआधी भूल कोण देणार आणि श्वास मोजण्याचे यंत्र आहे का, हे विचारावे.

एका नळीतून कॅमेरा जातो आणि बाकीच्या एकदोन नळ्यांतून लांब दांड्यांची हत्यारे. शल्यविशारद कुत्र्याच्या पोटाकडे न पाहता समोरच्या पडद्याकडे पाहतो. हत्याराचा टेकू कातडीच्या छिद्रापाशी असल्यामुळे मूठ डावीकडे नेली की टोक उजवीकडे जाते, होडीच्या वल्ह्यासारखे. शिवाय पडद्यावर खोलीचा अंदाज नीट लागत नाही. ज्याला हे अंगवळणी पडलेले नाही त्याच्या हातून अर्ध्या तासाचे काम दोन तासांत होते, आणि तेवढा वेळ कुत्रे भुलेखाली राहते.

आता एकेक अंतर्गळ घेऊ. बेंबीचा सर्वांत नेहमीचा. पिल्लांत तो जन्मापासून असतो, बहुधा चरबीचाच एक गोळा त्यातून डोकावतो, आणि भोक बारीक असेल तर साधारण सहा महिन्यांच्या वयापर्यंत पुष्कळदा आपोआप बुजते. लहान मुलाप्रमाणे पिल्लाच्या बेंबीवर नाणे बांधण्याचा उपाय कोणी सांगतात. त्याने भोक बुजत नाही. पट्ट्याखालची कातडी मात्र सोलवटते. भोक बोट जाईल एवढे असले तर ते शिवावे, आणि ते शिवावयास दुर्बीण नको. भोक कातडीच्या लगेच खाली आहे, दोन बोटांच्या चिरेतून चार टाके घातले की काम झाले. इतक्यासाठी पोटात वायू भरणे म्हणजे सुईने होणारे काम तलवारीने करणे. मादीची नसबंदी दुर्बिणीतून व्हावयाचीच असेल, तर बेंबीच्या भोकातूनच नळी घालून शेवटी ते शिवून टाकतात. एका वाटेत दोन कामे होतात. हा दोष पुष्कळदा आनुवंशिक असतो, म्हणून अशा कुत्र्यापासून वीण घेऊ नये.

जांघेचा अंतर्गळ ही दुर्बिणीची खरी जागा. माणसांत हा पुरुषांचा आजार. कुत्र्यांत तो नसबंदी न झालेल्या मध्यमवयीन माद्यांत विशेष दिसतो, आणि काही नर पिल्लांतही. याचे कारण मादीच्या शरीररचनेत आहे. कुत्रीच्या जांघेतली वाट आखूड आणि रुंद असते, गर्भाशयाला बांधून ठेवणारा एक बंध त्याच वाटेने बाहेर जातो, आणि पोटाच्या अस्तराची एक बोटभर पिशवीही त्याबरोबर उतरलेली असते. माजावर येण्याच्या काळातले स्राव, गर्भारपण आणि लठ्ठपणा यांनी ही वाट आणखी सैल होते. मग त्यातून चरबी उतरते, आतडे उतरते, कधी मूत्राशय उतरते, आणि कधी गर्भाशय, क्वचित पिल्लांसकट. पेकिनीज, बासेट हाउंड, वेस्ट हायलँड टेरियर या जातींत त्याचे प्रमाण अधिक. मादीच्या जांघेत आलेली प्रत्येक गाठ स्तनाचीच, असे धरून चालू नये. आणि ती कशाची हे सोनोग्राफीने पाहिल्यावाचून तीत सुई खुपसू नये, कारण आत आतडे असू शकते.

दुर्बिणीतून हे काम करताना कुत्रीला उताणे बांधून मेज डोक्याकडे तिरके खाली करतात. आतडी आपल्याच वजनाने छातीच्या बाजूला घरंगळतात आणि जांघेचा भाग मोकळा होतो. बेंबीजवळच्या नळीतून कॅमेरा आत गेला की दोन्ही बाजूंच्या वाटा एकाच दृष्टिक्षेपात दिसतात. बाहेरून एकच बाजू फुगलेली दिसत असली तरी दुसरी वाटही रुंदावलेली असू शकते, आणि ती इथे आयतीच सापडते. भोकात गेलेले अवयव चिमट्याने अलगद मागे ओढतात. अडले तर मदतनीस बाहेरून हलका दाब देतो. मग भोकाच्या कडा टाक्यांनी जवळ आणतात. माणसांत बहुतेक वेळा जाळीचे कापड बसवतात. कुत्र्यांत बहुधा साध्या टाक्यांनी भागते. एक गोष्ट मात्र कोणत्याही पद्धतीत पाळावी लागते: भोकाचा मागचा, आतल्या अंगाचा कोपरा पुरता शिवावयाचा नसतो. त्या कोपऱ्यातून मागच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या व एक मज्जातंतू जातो. तो आवळला तर एक दुखणे जाऊन दुसरे येते. त्याच बैठकीत, त्याच नळ्यांतून, मादीची नसबंदी करून घ्यावी, कारण वाट सैल करणारे स्राव त्याने थांबतात. नराचेही वृषण काढलेले बरे. रेतवाहिनीसाठी वाट मोकळी ठेवावयाची नसली की भोक अधिक घट्ट शिवता येते.

येथे उघड्या शस्त्रक्रियेची बाजूही मांडली पाहिजे. पोटाच्या मधोमध एक चीर देऊन कातडी दोन्हीकडे सरकवली, तर त्या एका चिरेतूनही दोन्ही जांघा शिवता येतात, आणि अनुभवी हाताने केलेले हे काम पक्के टिकते. गर्भार किंवा पू भरलेले गर्भाशय भोकात उतरले असेल, आतड्याला फास बसला असेल, अवयव पिशवीला आतून चिकटून बसले असतील, तर दुर्बिणीचा हट्ट धरू नये. म्हणूनच दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेआधी छातीपासून जांघेपर्यंतचे सगळे केस काढतात. तीन छिद्रांसाठी एवढे भादरायला कशाला हवे होते, असे मालक विचारतात. मध्येच रक्त सुटले किंवा चिकटलेले आतडे सुटेना, तर त्याच क्षणी पोट उघडता आले पाहिजे, म्हणून. तशी पाळी आली तर शस्त्रक्रिया बिघडली असे मानण्याचे कारण नाही. ज्याला वेळीच थांबून चीर देता येते तोच दुर्बीण हाती धरण्यास योग्य.

आता सर्वांत अवघड अंतर्गळ, गुदद्वाराशेजारचा. सात-आठ वर्षांपुढचा, वृषण न काढलेला नर कुत्रा बाहेर नेला की बराच वेळ कुंथतो, शी पातळ दोरीसारखी होते किंवा होतच नाही, आणि शेपटीखाली एका बाजूला मऊ फुगवटा येतो. मालक बद्धकोष्ठ समजून एरंडेल देतात. आत घडलेले असते ते असे: कमरेच्या हाडांच्या कड्याला मागच्या बाजूने झाकणारा स्नायूंचा पडदा विरून गेलेला असतो. गुदाशयाला आधार उरत नाही, ते बाजूला फुगते, त्यात मळ साठतो. कुंथण्याने भोक वाढते आणि भोकाने कुंथणे वाढते. पाचांपैकी एखाद्या कुत्र्यात तर मूत्राशयच उलटे वळून त्या फुगवट्यात येते. मग मूत्रनलिकेला पीळ बसतो, बागेतला पाण्याचा पाइप मुडपावा तसा, आणि लघवी कोंडते. हे मात्र तासांचे काम आहे. कोंडलेल्या लघवीने रक्तातले पोटॅशियम वाढते आणि त्याने हृदय थांबू शकते. शेपटीखाली फुगवटा असलेला कुत्रा पाय वर करून उभा राहतो आणि थेंबही पडत नाही, असे दिसले तर रात्र काढू नये. पशुवैद्य नळीने, नाही तर फुगवट्यात सुई घालून, ती लघवी आधी काढतील, शस्त्रक्रिया त्यानंतर.

येथे दुर्बीण उपयोगी पडते, पण अर्ध्याच कामाला, आणि हे मालकाला स्पष्ट सांगितले जात नाही, असा माझा अनुभव आहे. पोटाच्या बाजूने आत जाऊन घसरलेले अवयव पुढे ओढून बांधून ठेवता येतात. मोठे आतडे पोटाच्या डाव्या भिंतीला टाक्यांनी जखडतात. वृषण काढल्यावर मोकळ्या झालेल्या रेतवाहिन्या पोटात ओढून भिंतीच्या स्नायूत अडकवतात. त्यासरशी मूत्राशय आणि प्रोस्टेट ग्रंथी पुढे खेचली जातात. दावे खुंट्याला बांधले की जनावर मागे सरकत नाही, तशातला हा प्रकार. पूर्वी यासाठी पोट उघडावे लागे; आता काही ठिकाणी हे दुर्बिणीतून करतात, आणि म्हाताऱ्या कुत्र्याला ते सोसते. परंतु जनावर बांधले म्हणून गोठ्याचे कुंपण दुरुस्त झाले असे होत नाही. मागचे भोक तसेच असते. ते बुजवावयास शेपटीखालीच चीर द्यावी लागते. कमरेच्या हाडाच्या तळावर पसरलेला एक सपाट स्नायू उचलून ठिगळासारखा त्या भोकावर बसवितात. त्या अरुंद, हाडांनी वेढलेल्या जागी पोटातून लांब हत्यारे नेऊन ठिगळ लावण्याची अजून रूढ अशी रीत नाही. तेव्हा गुंतागुंतीच्या अंतर्गळात दोन शस्त्रक्रिया होतात, आधी पोटातून बांधणे आणि काही दिवसांनी मागून बुजवणे. साध्या, नव्या अंतर्गळात पहिली बहुधा लागतच नाही. नुसते दुर्बिणीतून बांधून दिले आणि मागचे राहू दिले, तर पुढे चरबी आणि गुदाशय त्या वाटेने पुन्हा डोकावण्याची भीती राहते. वृषण काढणे हा या उपचाराचा भागच समजावा. लहानपणी नसबंदी झालेल्या नरात हा आजार क्वचितच आढळतो.

आणि आता अशी एक जागा, जिथे दुर्बिणीचा वायूच घातक ठरू शकतो. कुत्रे मोटारीखाली सापडते. अंगावर फारशी जखम नसते, पण धाप लागलेली असते. एक्स-रे काढला तर पोट आणि छाती यांमधला पडदा फाटून यकृत, आतडी, कधी जठर छातीत गेलेले दिसते. बाहेर फुगवटा नाही, म्हणून घरच्यांना अंतर्गळाची शंकाही येत नाही; काही कुत्री महिनोन्‌महिने नुसती 'लवकर दमतात'. अशा कुत्र्याच्या पोटात नेहमीसारखा वायू भरला तर काय होईल? पडदा फाटलेला आहे, तेव्हा वायू सरळ छातीत शिरेल आणि फुप्फुसे व हृदय यांना दाबून टाकील. इतरत्र जो वायू जागा करून देतो, तोच इथे जीव घेऊ शकतो. छातीच्या बाजूने दुर्बीण घालून असे पडदे शिवल्याची उदाहरणे आहेत. छातीला फासळ्यांचा पिंजरा असल्यामुळे तिथे जागेसाठी वायूचा दाब लागत नाही. पण ती निवडक कुत्र्यांची आणि निवडक हातांची गोष्ट. अपघातातल्या कुत्र्याचा श्वास आधी सावरून मग पोट उघडून पडदा शिवणे, हाच आज बहुतेक ठिकाणचा सुरक्षित मार्ग आहे. जठर छातीत जाऊन फुगू लागले असेल तर मात्र सावरण्यासाठीही थांबता येत नाही.

पग आणि फ्रेंच बुलडॉग यांची आपल्याकडे आता फार आवड झाली आहे. या चपट्या नाकाच्या कुत्र्यांत अन्ननलिकेच्या वाटेने जठराचा वरचा भाग छातीत सरकण्याचा प्रकार आढळतो. अरुंद नाकातून जोर लावून श्वास ओढला की छातीत चूषण निर्माण होते आणि जठर वर खेचले जाते. मग लाळ गळणे, खाल्लेले परत तोंडात येणे सुरू होते. हा अंतर्गळ अलीकडे काही मोजक्या ठिकाणी दुर्बिणीतूनही दुरुस्त करतात. परंतु आधी नाकपुड्या व टाळू मोकळी करून श्वास सुधारावा, वजन उतरवावे. पुष्कळांना पुढची शस्त्रक्रिया लागतही नाही.

दुर्बिणीने दुखणे खरेच कमी होते का? २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दहा किलोंहून हलक्या कुत्र्यांच्या अंगावर हालचाल मोजणारी छोटी यंत्रे बांधली होती. पोट उघडून अंडाशय काढलेल्या कुत्र्यांची हालचाल शस्त्रक्रियेनंतर ६२ टक्क्यांनी घटली. दुर्बिणीतून काढलेल्यांची २५ टक्क्यांनीच. मुक्या प्राण्याला दुखते किती, हे विचारता येत नाही; तेव्हा हा पुरावा मला बोलका वाटतो. तो अंतर्गळाविषयीचा नाही, नसबंदीविषयीचा आहे, हे मात्र लक्षात ठेवावे. कुत्र्यांच्या अंतर्गळावरच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांची प्रसिद्ध माहिती अजून थोड्या थोड्या कुत्र्यांची आहे.

या सुखाची एक उलटी बाजूही आहे. वीतभर चीर घेतलेले कुत्रे चारदोन दिवस आपणहून स्वस्थ पडते. तीन छिद्रांचे कुत्रे दुसऱ्या दिवशी सोफ्यावर उडी मारते, दाराची घंटा वाजली की धावते. कातडीवरची छिद्रे बारीक असली तरी आत भोकावर घातलेले टाके त्याच गतीने भरून येतात. पंधरा-वीस दिवसांत त्या जागेला मूळच्या ताकदीचा लहानसा हिस्साच आलेला असतो. म्हणून दोन ते तीन आठवडे कुत्र्याला साखळीवरच फिरवावे, जिने चढू देऊ नयेत, दुसऱ्या कुत्र्याशी मस्ती करू देऊ नये. कातडीखाली बोटाने दाबल्यावर चुरचुर वाजले तर भिऊ नये. राहिलेला वायू आहे, तो दोनचार दिवसांत जिरतो. जांघेतला फुगवटा थोडा परत आल्यासारखा वाटला तर रिकाम्या पिशवीत पाणी साठले असण्याचा संभव आहे. तरी तो डॉक्टरांना दाखवावाच. मागच्या बाजूची शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्याला कुंथावे लागता कामा नये. डॉक्टरांना विचारून खाण्यात उकडलेला लाल भोपळा किंवा थोडा भिजवलेला इसबगोल घालावा, आणि पाणी भरपूर द्यावे. गळ्यातले ते प्लास्टिकचे नरसाळे पाहून घरातल्या मुलांना कुत्र्याची दया येते आणि जेवताना ते काढले जाते. ते टाके निघेपर्यंत राहू द्यावे. जेवणाचे ताट थोडे उंचावर ठेवले म्हणजे त्यातूनही कुत्र्याला खाता येते.